मडई, प्रदर्शन, हाट : भिलाई परिसरातील कारागीर आणि बाजाराचे शब्द

भिलाईचा इतिहास लिहिताना आरंभबिंदू म्हणून दोन तारखा हमखास दिल्या जातात. एक, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील पोलाद कारखान्याच्या कराराची २ फेब्रुवारी १९५५ ही. दुसरी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली ती ४ फेब्रुवारी १९५९ ही. या कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या राजहऱ्याच्या डोंगराची कथा मात्र त्याहून अर्धशतकाने जुनी आहे आणि तिचा आरंभ एका टोपलीपासून होतो. १९०४ च्या एप्रिल महिन्यात चार्ल्स वेल्ड हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ आणि दोराबजी टाटा लोहखनिजाच्या शोधात छत्तीसगढच्या जंगलातून फिरत असताना डोक्यावर खनिजाने भरलेल्या टोपल्या घेऊन जाणारे काही स्त्री-पुरुष त्यांना भेटले. ते अगरिया होते, म्हणजे मातीच्या लहान भट्टीत लोखंड गाळणारे. हे खनिज कोठून आणले असे विचारताच त्यांनी दूरच्या एका डोंगराकडे बोट दाखवले. तोच राजहऱ्याचा डोंगर. पाण्याच्या अभावी टाटांचा कारखाना तेथे झाला नाही, तो साकचीला गेला. परंतु त्या डोंगरानेच पुढे भिलाई उभी केली.

या शोधाची दुसरी कथा नागपूरच्या संग्रहालयाची आहे. चांदा जिल्ह्यातील प्रयत्न फसल्यानंतर नागपूरला आलेले दोराबजी तेथील मध्यवर्ती संग्रहालयात सहज शिरले आणि दुर्गच्या परिसरात लोखंड दाखवणारा भूगर्भीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला, अशी ती हकीकत. या भागातील खनिजाची नोंद प्रमथनाथ बोस यांनी १८८० च्या दशकातच केलेली होती. नकाशा काढणाऱ्याचे नाव इतिहासात आहे, तो पाहणाऱ्याचे आहे, भटकणाऱ्या शास्त्रज्ञाचे आहे. टोपली वाहणाऱ्यांपैकी मात्र एकाचेही नाव नाही, केवळ जमातीचे आहे. ज्ञान दोन्ही ठिकाणी होते. एका ठिकाणी त्याला कर्ता होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. भिलाई परिसरातील हस्तकलांच्या बाजाराचा इतिहास पाहताना हा भेद पुनःपुन्हा समोर येतो. हाताने वस्तू घडवणारा माणूस आपली वस्तू घेऊन लोकांसमोर उभा राहतो तेव्हा त्याला कोणत्या नावाने ओळखले जाते आणि ते नाव कोण देते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. ‘स्वतंत्र हस्तकला-मेळा’ ही आजची संज्ञा या प्रश्नाखेरीज नीट उलगडत नाही.

या परिसरात अशा भेटीसाठी तीन शब्द क्रमाने आले : मडई, प्रदर्शन आणि हाट. हाट हा शब्द जुनाच, पण तो नव्या अर्थाने शेवटी परतला.

मडई हा शब्द मराठी वाचकाला परका वाटू नये. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा नाटक, असा तिचा रिवाज आहे. छत्तीसगढीतील ‘मड़ई’ हा तोच शब्द आणि बव्हंशी तोच व्यवहार. राजकीय नकाशावर आज दोन राज्ये असली तरी हा सांस्कृतिक पट्टा सलग आहे. १७४१ ते १८५४ या काळात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १९०६ मध्ये निर्माण झालेला दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. म्हणजे भिलाईचा करार झाला त्या वेळीही या भागाची राजधानी नागपूरच होती. पुणे-मुंबईच्या मराठीत मात्र मंडई म्हणजे भाजीबाजाराची इमारत. एकाच शब्दाचा अर्थ पश्चिमेला छपराखाली गेला आणि पूर्वेला देवाच्या काठीभोवती राहिला, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नोंदवण्याजोगी आहे. छत्तीसगढच्या मैदानी भागात राऊत समाजाच्या उत्सवात मडई म्हणजे सजवलेला उंच बांबूच. बाजार त्याच्या भोवती जमतो. बस्तरात नारायणपूर, कोंडागाव येथील मडईत गावोगावचे देव एकत्र येतात आणि त्यांच्या मागोमाग माणसे, मातीची व धातूची भांडी, कापड, मिठाई येते.

या व्यवहाराला आयोजक नव्हता असे म्हणण्यापेक्षा पंचांग हेच त्याचे आयोजक होते असे म्हणणे अधिक योग्य. धान कापून घरात आलेले असते, हातात विनिमयाला काही असते, म्हणून मडई दिवाळीनंतरच. कुंभाराचे वर्ष तर याच रीतीने आखलेले आहे. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलांच्या बाहुला-बाहुलीच्या लग्नासाठी मातीचे पुतरा-पुतरी लागतात. उन्हाळ्यात पाण्याची मडकी. पोळ्याला मुलांसाठी चाकांचा मातीचा नांदिया बैल आणि मुलींसाठी इवलेसे जाते व चुलीची भांडी. दिवाळीला पणत्या आणि ग्वालिन. नागपूरकडचा, भोसलेकाळाशी परंपरेने जोडला जाणारा तान्हा पोळा येथे आठवावा. तेथे बैल लाकडाचा, सुताराच्या हातचा. येथे तो मातीचा, कुंभाराच्या हातचा. सण एक, खेळणे एक, कारागीर बदलला. नागपूरचा लाकडी बैल वर्षानुवर्षे जपला जातो आणि काही घरांत आकाराने प्रतिष्ठेचा विषय होतो. दुर्गकडचा मातीचा बैल खेळता खेळता फुटतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा लागतो. कुंभाराच्या दृष्टीने हे फुटणे आवश्यकच आहे. टिकाऊपणा हा गुण प्रदर्शनाने वस्तूंना चिकटवला. मडईच्या आणि सणाच्या अर्थव्यवस्थेत नश्वरता हीच पुढील मागणीची हमी होती.

वस्तू रोखीने विकली जाण्याआधीचा संबंध वेगळाच होता. महाराष्ट्रातील बलुतेदारीचे वर्णन त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. छत्तीसगढमध्ये त्याच्याशी ताडून पाहण्याजोगी ‘पौनी-पसारी’ ही व्यवस्था होती : लोहार, कुंभार, न्हावी, धोबी यांनी गावाची कामे करावीत आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यावा. या व्यवस्थेत कारागिराला स्वतंत्र नावाची गरज नव्हती, कारण त्याला सगळे ओळखतच होते. ही ओळख जातीच्या चौकटीत जखडलेली होती, आणि तिच्याविषयी हळवे होण्याचे काहीएक कारण नाही. फाळ कोणी केला हे गावाला ठाऊक असे, तसेच लोहाराने कोठवर यायचे हेही गावच ठरवीत असे. पुढील काळातील मेळ्याने अनामिकता आणली आणि पूर्वी मात्र आत्मीयता होती, ही सोपी मांडणी म्हणूनच टिकत नाही. मडईत ओळख होती, पण ती निवडलेली नव्हती.

‘प्रदर्शन’ या शब्दाबरोबर वस्तू कर्त्यापासून सुटी झाली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात, डिसेंबर १८६५ मध्ये, नागपूर येथे प्रांतातील कला, उत्पादने आणि पिके यांचे मोठे प्रदर्शन भरले. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर सर्वत्र रूढ झालेला हा साचा होता : वस्तूंचे वर्ग पाडायचे, परीक्षक नेमायचे, बक्षिसे द्यायची आणि अहवाल छापायचा. या साच्यात वस्तूला वर्ग असतो, जिल्हा असतो, क्रमांक असतो. कारागीर समोर असलाच तर तोही नमुना म्हणून. सणाचा बाजार काळाने बांधलेला होता. प्रदर्शनाने त्याला जागेने बांधले. पोळ्याचा बैल आणि दिवाळीची पणती आता एकाच टेबलावर शेजारी मांडता येऊ लागली. या टेबलाचा वारसा आजच्या प्रत्येक मेळ्याला आहे, हे विसरून चालणार नाही.

राष्ट्रीय चळवळीने प्रदर्शनाचा साचा उचलला आणि त्याचा रोख बदलला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली, तेव्हा देशी उद्योगाचा ऱ्हास हा आर्थिक विवेचनाचा विषय झाला होता. छत्तीसगढात हा विचार पोहोचवणारी व्यक्ती मराठीभाषकच होती, आणि ती हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात स्थिरावली. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. पुढे नागपूरहून १९०७ मध्ये ‘हिंदी केसरी’ काढले. स्वदेशी आणि बहिष्कार यांवरील टिळकपक्षाचे विवेचन हिंदीत आणले. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ यांची भाषांतरे केली. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात ज्या कथांची नावे घेतली जातात त्यांपैकी एक, ‘एक टोकरी भर मिट्टी’, याच मासिकात १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. जमीनदाराने बळकावलेल्या झोपडीतील एक टोपली माती विधवा मागून घेते, ती उचलू लागण्याची विनंती त्यालाच करते, आणि ती एवढी माती त्याला पेलत नाही, असे तिचे कथासूत्र आहे. या कथेचा विचार बहुधा कथाप्रकाराच्या उगमाच्या अंगाने होतो. परंतु तिच्यातील टोपली ही काल्पनिक वस्तू नाही. ती बांबूची आहे, मोजमापाची आहे, कोणीतरी विणलेली आहे. तिच्यात किती माती मावते हे वाचकाला सांगावे लागत नाही, म्हणूनच कथा उभी राहते. तीन वर्षांनी त्याच प्रदेशात अगरियांच्या डोक्यावरील टोपल्यांनी टाटांच्या शोधाला दिशा द्यावी, हा योगायोगच. तथापि जमिनीचा आणि टोपलीचा संबंध येथे वाङ्मयाबाहेरही किती जवळचा होता, हे त्यातून दिसते. पन्नास-साठ वर्षांनी भिलाईसाठी गावांच्या गावे संपादित झाली तेव्हा सप्र्यांच्या कथेतील प्रश्न निराळ्या मापाने उभा राहिला.

प्रदर्शनाच्या साच्याला खरा विरोध झाला तो वर्ध्याच्या बाजूने. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत त्याचे काम उभे केले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेथील नगराची रचना नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून केली. ग्रामोद्योगांचे प्रदर्शन हा तमाशा नसून शाळा असावी, हा गांधीजींचा आग्रह. १९३८ च्या अखेरीस वर्ध्यात उघडलेल्या मगन संग्रहालयात वस्तूंबरोबर अवजारे आणि प्रक्रिया ठेवण्यात आल्या. म्हणजे प्रेक्षकाने ‘काय’ पाहावे याऐवजी ‘कसे’ पाहावे, अशी ही फेरमांडणी होती. ‘कोणी’ हा प्रश्न मात्र येथेही मागेच राहिला. ग्रामोद्योगाचा कर्ता गाव होते, व्यक्ती नव्हती.

भिलाई वसली ती या दोन्ही परंपरांच्या मधोमध, आणि दोहोंकडे पाठ करून. सेक्टरांत विभागलेले नगर, पाळ्यांचे भोंगे, देशाच्या सर्व भागांतून आलेले कामगार, आणि सभोवती ज्यांच्या जमिनी गेल्या किंवा राहिल्या अशी गावे. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी या नगराचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या विवेचनात ‘नौकरी’ आणि ‘काम’ हा भेद कळीचा आहे. कारखान्यातील कायम जागा ती नौकरी. ठेक्यावरची, शेतावरची, हातावरची मजुरी ते काम. हा भेद केवळ वेतनाचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. कारागिरी या भेदात कोठे बसते? कुंभाराच्या चाकाला नौकरीची सुरक्षितता नाही. पण ते कोणाच्या हुकमाचे कामही नाही. भिलाईच्या भाषेने या तिसऱ्या गोष्टीला नाव दिले नाही. १७ सप्टेंबरला कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा होते. तो देव कारागिरांचा, पण त्याच्या मंडपात यंत्रे पुजली जातात.

कारखान्याने परिसरातील लोककलेकडे दुर्लक्ष केले असे मात्र म्हणता येणार नाही. १९७६ पासून भिलाई पोलाद कारखान्याने छत्तीसगढ लोककला महोत्सव भरवण्यास सुरुवात केली. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या पंडवानी-गायिका तीजनबाई यांना कारखान्याने नोकरी दिली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. महोत्सवाच्या केंद्रस्थानी गायन, नृत्य आणि नाट्य होते, हे सूचक आहे. आवाजाला कर्ता असतोच. गायिका मंचावर उभी राहते तेव्हा तिचे नाव पुकारावे लागते. मातीचा बैल किंवा बांबूचा सूप यांचे तसे नाही. ती वस्तू कर्त्याला मागे ठेवून एकटी प्रवास करू शकते, आणि बाजार तिला तसाच प्रवास करायला लावतो. एकाच परिसरातील दोन कलांचे भवितव्य इतके भिन्न व्हावे, याचे कारण रसिकांच्या अभिरुचीत जेवढे आहे तेवढेच कलावस्तूच्या या स्वभावात आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली त्याने कारागिरांचा शोध, पुरस्कार आणि विक्रीकेंद्रे अशी रचना उभारली. तिचे ऋण मोठे आहे. पण विक्रीकेंद्राच्या काचेमागे वस्तू पुन्हा एकटीच होती : चिठ्ठीवर राज्य, प्रकार, किंमत. या रचनेला पर्याय म्हणून ‘स्वतंत्र’ मेळ्याची कल्पना पुढे आली. १९८१ मध्ये दिल्लीत ‘दस्तकार’ ही संस्था, १९८६ मध्ये जया जेटली यांच्या पुढाकाराने ‘दस्तकारी हाट समिती’, आणि १९९४ मध्ये शासकीय यंत्रणांच्या सहभागाने दिल्ली हाट. गावच्या आठवडी बाजाराचा शब्द राजधानीत जाणीवपूर्वक नेण्यात आला. गाळा कायमचा कोणाचाच नाही, पंधरा दिवसांनी कारागीर बदलणार, भाडे अल्प, आणि मालामागे दलाल नव्हे तर करणारा बसणार, हे तत्त्व. कारागीर गिऱ्हाइकाशी बोलू लागला. ही गोष्ट दिसायला साधी, परंतु तिने वस्तूच्या किमतीत कथनाचा समावेश केला. पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचतगटांतील स्त्रिया स्वतः मालामागे उभ्या राहतात, तेथेही हेच सूत्र आहे.

असा मेळा भरवणे म्हणजे काय, याचा तपशील पाहिला की ‘स्वतंत्र’ या विशेषणाच्या मर्यादा ध्यानात येतात. मैदान कोणाचे? भिलाईत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण टाउनशिपची भूमी कारखान्याची आहे. तेथील मोकळ्या जागेवर चार बांबू रोवायचे तरी कारखान्याची अनुमती लागते. टाउनशिपबाहेर महानगरपालिका, आणि सुपेल्याच्या रविवारच्या बाजारासारखी गर्दीची ठिकाणे, जेथे कारखान्यात तयार झालेल्या स्वस्त मालाशी समोरासमोर गाठ पडते. गाळे कोणाला द्यायचे हे कोण ठरवणार? कोंडागावहून किंवा रायगडहून येणाऱ्याचा प्रवास, मुक्काम, फुटलेल्या मालाचा तोटा कोणी सोसायचा? शासकीय गांधी शिल्प बाजारात यासाठी साहाय्याची तरतूद असते, पण तिच्याबरोबर ओळखपत्र, यादी आणि शिफारस येते. स्वतंत्र मेळ्यात यादी नसते, म्हणून साहाय्यही नसते. भाडे कमी ठेवले तर आयोजकाचा खर्च निघत नाही. वाढवले तर कारागिराऐवजी व्यापारी येतो, कारण भाडे पेलण्याची ऐपत त्याचीच असते. स्वतंत्र मेळ्यांचे व्यापारीकरण होते ते बहुतेक वेळा आयोजकाच्या हेतूने नव्हे, तर या साध्या हिशेबाने. हंगामाचे पाहावे तर हिवाळा गिऱ्हाइकाला सोयीचा; पण नेमके तेव्हाच कारागिराच्या घरी धानाची कापणी आणि मळणी असते. जुन्या मडईने हा पेच कापणीनंतरची तिथी धरून सोडवला होता. नव्या मेळ्याची तारीख मैदानाच्या उपलब्धतेवरून ठरते.

नावाच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण बस्तरच्या पितळी मूर्तींचे आहे. कोंडागाव परिसरात मेणवितळ पद्धतीने ओतकाम करणारे लोक स्वतःला घडवा म्हणवतात. शेतातल्या मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून दागिने, डोळे, शिंगे उभी करायची, वरून मातीचे लेप देऊन भाजायचे. मेण वितळून जाते, त्याच्या पोकळीत पितळ ओततात, आणि शेवटी साचा फोडतात. साचा फुटल्याखेरीज मूर्ती मिळत नाही, म्हणून दुसरी तशीच मूर्ती होत नाही. या लोकांच्या परिसरातील व्यवहारभाषा हळबी. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीला वाहिलेल्या, १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात तिचा समावेश आहे. ‘घडवा’ हा शब्द मराठी कानाला भाषांतराशिवाय कळतो : जो घडवतो तो. कर्त्याचे नाव क्रियापदातूनच निघालेले आहे. परंतु विक्रीकेंद्रांनी आणि मेळ्यांनी या कामाला ‘ढोकरा’ हे बंगाल-ओरिसाकडील एका समूहाचे नाव दिले, आणि २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद झाली तीही ‘बस्तर ढोकरा’ म्हणूनच. कायद्याने प्रदेशाचे संरक्षण झाले, वस्तूचे झाले. घडव्याचा शब्द मात्र नोंदवहीबाहेर राहिला. कोंडागावचे जयदेव बघेल यांच्यासारख्या शिल्पीला देशविदेशांत स्वतःच्या नावाने मान मिळाला. भोपाळच्या भारत भवनाने १९८२ नंतर जगदीश स्वामीनाथन यांच्या दृष्टीने आदिवासी कलावंतांना नावानिशी मांडले. सरगुज्यातील पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार या स्वतःच्या घराच्या भिंतींसाठी माती आणि बांबूच्या जाळ्या घडवत होत्या. ते काम याच काळात बाहेरच्या जगापुढे आले. मात्र या नावांनी जो दरवाजा उघडला त्यातून किती जण आत गेले, हा प्रश्न उरतो. एक नाव मोठे होते तेव्हा त्याच्या गावातील इतरांचे काम त्या नावाच्या शैलीचे म्हणून विकले जाते. आणि पूर्वी जात होती तेथे आता ‘शैली’ येते.

लोखंडाची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि भिलाईशी तिचा संबंध थेट आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये अगरियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर ही त्यांची दैवते. भट्टीतून प्रथमच निघालेल्या ‘कुंवारी’ लोखंडात विशेष शक्ती असते हा त्यांचा विश्वास. भट्ट्यांवरील कर, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावरील निर्बंध आणि बाजारातील स्वस्त कारखानी लोखंड यांमुळे त्या भट्ट्या कशा विझत गेल्या, याचेही वर्णन त्यांनी केले आहे. एल्विन लिहीत होते तेव्हा भिलाई अस्तित्वातही नव्हती. तिने अगरियांना संपवले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण आज बस्तरचा लोहार दिवे, हरणे, वादक, घोडेस्वार ठोकून काढतो ते भंगारात मिळणाऱ्या कारखानी पत्र्यातून आणि सळईतून. खनिज ज्या प्रदेशाचे, त्या प्रदेशाच्या कारागिराकडे ते आता फेरफटका मारून, दुसऱ्या हाताने येते. भिलाईच्या मेळ्यात एखादा पोलाद-कामगार असा लोखंडी दिवा विकत घेतो तेव्हा खरेदी करणारा आणि विकणारा दोघेही लोखंडाचेच माणूस असतात. एकाच्या हाताला ‘नौकरी’ म्हणतात, दुसऱ्याच्या हाताला ‘हस्तकला’. कुंवारी लोखंडाची कल्पना या दिव्यात उरलेली नाही. मेळ्याच्या माहितीपत्रकात मात्र हजारो वर्षांच्या अखंड परंपरेचा उल्लेख येतो, आणि तो खपतो. अखंडतेच्या या आग्रहाने कारागिराने केलेली खरी कर्तबगारी झाकली जाते : परंपरा तुटल्यानंतर परक्या धातूवर त्याने आपला हात पुन्हा बसवला.

याच्या उलट उदाहरण दुर्गजवळच्या थनौद गावाचे आहे. शिवनाथ नदीच्या परिसरातील हे गाव मूर्तिकारांचे म्हणून ओळखले जाते. मडकी घडवणाऱ्या कुंभार कुटुंबांचे हात येथे गणेश आणि दुर्गेच्या मोठ्या मूर्तींकडे वळले. टिळकांनी १८९३ पासून ज्याला सार्वजनिक रूप दिले तो गणेशोत्सव दुर्ग, राजनांदगाव, भिलाई येथे खोल रुजला आहे; राजनांदगावच्या विसर्जनाच्या झाँक्या प्रसिद्ध आहेत. भिलाईसारख्या, अनेक प्रांतांची माणसे एकत्र आणणाऱ्या नगरात मंडळांची मागणी मोठी. थनौदचा मूर्तिकार मेळ्यात जात नाही; गिऱ्हाईक त्याच्याकडे येते, महिनोन्महिने आधी बयाणा देते आणि मूर्ती पाण्यात सोडते. पंचांग येथे आजही आयोजक आहे, नश्वरता येथे आजही मागणीची हमी आहे. हस्तकलेच्या अभ्यासात या गावाला फारसे स्थान मिळत नाही, कारण त्याच्या मूर्ती ‘लोककला’ या शब्दाने अपेक्षिलेल्या दिसत नाहीत. त्या भडक असतात, चित्रपटांची छाया त्यांच्यावर असते. अभ्यासकाच्या अभिरुचीने घातलेली ही बंदी आहे. मेळ्यात मांडलेल्या संयत टेराकोटापेक्षा थनौदची रंगीत मूर्ती मडईच्या अधिक जवळ आहे, असेच इतिहासाच्या दृष्टीने म्हणावे लागेल.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाल्यानंतर हस्तशिल्प मंडळ, रायपूरचा पंडरी हाट, राज्योत्सवातील दालने अशी नवी रचना आली. २०१९ मध्ये राज्य शासनाने शहरांतील पारंपरिक कारागिरांसाठी ओटे आणि छपरे बांधण्याची योजना जाहीर केली, तिचे नाव ‘पौनी पसारी’. धान्याच्या वाट्यावर चालणाऱ्या आणि जातीने बांधलेल्या ग्रामसंबंधाचा शब्द नगरपालिकेच्या ओट्याला मिळाला. हाट हा शब्द दिल्लीला जसा गेला तसाच हा प्रवास. फरक एवढाच की दिल्लीत शब्द परक्या भूमीवर नेला गेला, येथे तो स्वतःच्याच भूमीवर दुसऱ्या अर्थाने परतला. ज्यांच्या आजोबांनी पौनी म्हणवून घेण्यातून सुटण्यासाठी गाव सोडून भिलाईची वाट धरली, त्यांच्या नातवंडांना हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला होता की नाही, ते योजनेच्या मजकुरातून कळत नाही.

या साऱ्यात कंडरा, बसोड या बांबूकाम करणाऱ्यांची स्थिती सर्वांत अवघड. महाराष्ट्रातील बुरुडाप्रमाणेच त्यांचे काम रोजच्या उपयोगाचे : सूप, टुकनी, झाँपी. मेळ्यात त्यांना जागा मिळते ती बांबूतून दिव्याची शेड, खुर्ची किंवा भिंतीवरची शोभेची वस्तू केल्यावर. त्यासाठी प्रशिक्षणे होतात, नमुने दिले जातात, आणि ते नमुने बहुधा बाहेरच्या संकल्पनकाराचे असतात. टोपलीला मेळ्यात किंमत येत नाही, कारण तिची किंमत सर्वांना ठाऊक असते. लग्नसराईत मात्र पर्रा आणि बिजना लागतोच; बांबूचा पसरट पर्रा आणि छोटा पंखा यांच्यावाचून छत्तीसगढी विवाहविधी पुरा होत नाही, मग लग्न गनियारीत असो वा भिलाईच्या एखाद्या सेक्टरात. ते घेण्यासाठी वधूवरांकडील माणसे दालनात जात नाहीत. रस्त्याकडेला, आठवडी बाजाराच्या टोकाला बांबूच्या कांबट्या सोलत बसलेल्या बाईपाशी ती जातात, लग्नाची तिथी सांगतात, आणि तेवढ्यावर मोजणी सुरू होते.